ऋणपुस्तिका बाहेर काढण्यापूर्वी



सोयाबीन मंडीत गेले, बटाटा आणि गहू जमिनीत पडले, की आपल्या माळव्यात थंडी उतरते. एरवी या दिवसांत या पानावर बटाट्याच्या करप्याची किंवा गव्हाच्या पहिल्या पाण्याची गोष्ट निघते. पण हीच थंडी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जड जाते. दमा उठतो, छातीत कफ साठतो, पहाटे न्हाणीघरात पाय घसरतो. लालबागच्या आसपास राहणारी आणि राऊ, देपालपूर, सांवेर या बाजूंना शेती असलेली आपली जी कुटुंबे आहेत, त्यांच्यापैकी ज्यांच्या घरी सत्तरीच्या पुढचे माणूस आहे त्यांनी हा लेख सगळ्यांनी मिळून वाचावा. शक्य तर त्या म्हाताऱ्या माणसालाच जवळ बसवून वाचावा, कारण गोष्ट त्याचीच आहे.

गोष्ट आजाराची आहे तशी पैशाचीही आहे. पैशाविषयी फादरांनी बोलू नये असे काहींना वाटते. पण आजाऱ्याला तैलाभ्यंग देऊन घराबाहेर पडताना ओसरीवर जे बोलणे कानावर येते, ते बहुतेक पैशाचेच असते. अडत्या किती उचल देईल, ट्रॅक्टर काढावा की दोन बिघे गहाण टाकावेत, ऋणपुस्तिका कोणाच्या ट्रंकेत आहे. हे बोलणे होते रात्री, घाईत, एक भाऊ फोनवर आणि दुसरा दवाखान्याच्या खिडकीशी उभा असताना. बैल घेताना आपण चार बाजार हिंडतो, दात पाहतो, चाल पाहतो. इथे मात्र पाच मिनिटांत वर्षाच्या पिकाचा सौदा होऊन जातो.

किती पैसा जातो याचा एक अंदाज सरकारी पाहणीतून मिळतो. २०१७-१८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत देशभर विचारणा झाली. बाळंतपणे सोडून, ग्रामीण माणसाला सरकारी दवाखान्यात एकदा दाखल होण्यासाठी सरासरी सुमारे ४,३०० रुपये खर्च आला, आणि खासगी दवाखान्यात सुमारे २७,३०० रुपये. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव बोनस धरून क्विंटलला ३,०५० रुपये होता. म्हणजे खासगी दवाखान्याची एक सरासरी फेरी जवळजवळ नऊ क्विंटल सोयाबीन. आपल्याकडच्या साधारण उताऱ्याने पाहिले तर दोन एकरांचे पीक, तेही बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी न वजा करता. शिवाय ही सरासरी आहे. तापाने दोन दिवस पडलेला तरुण आणि पंधरा दिवस आयसीयूत ठेवलेले आजोबा, दोघेही त्याच सरासरीत मोजले गेले आहेत.

म्हातारपणीच्या आजारात दोन वेगळ्या वेळा येतात, आणि त्या एकसारख्या दिसतात म्हणूनच घोटाळा होतो. एका वेळी धावावे लागते, कारण तासाभरात माणूस वाचतो किंवा कायमचा लुळा होतो. दुसऱ्या वेळी लांब चाललेला आजार आपल्या शेवटाला आलेला असतो. त्या वेळी धावण्याने माणूस वाचत नाही, फक्त त्याचे मरण घरातून उचलून काचेच्या दारामागे नेले जाते. पहिल्या वेळी आपण कचरतो आणि दुसऱ्या वेळी कर्ज काढतो. नेमके उलटे व्हायला हवे.

आधी धावण्याची वेळ

बोलता बोलता तोंड वाकडे झाले, एक हात उचलला की खाली पडतो, शब्द अडखळू लागले, तर तो पक्षाघात आहे असेच धरून चाला. त्या क्षणी घड्याळात पाहा आणि वेळ लिहून ठेवा. मेंदूच्या नसेत अडकलेली गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी डोक्याचे सीटी स्कॅन काढावे लागते. म्हणून ज्या दवाखान्यात सीटी स्कॅन नाही तिथे थांबून वेळ दवडू नका. कबुतराचे रक्त, मालिश, झाडपाला, यांत सकाळ निघून जाते आणि मग डॉक्टरांच्या हाती काही उरत नाही.

हृदयाचा झटका म्हाताऱ्या माणसाला नेहमी छातीत दुखूनच येतो असे नाही. मधुमेह असलेल्यांना तर पुष्कळदा छातीत कळ येतच नाही. दम लागतो, दरदरून घाम येतो, ओकारी होते, आणि घरचे म्हणतात की रात्रीचे वांग्याचे भरीत बाधले. अशा वेळी ओवा-सोडा देऊन निजवू नये.

कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज एकाएकी बडबडू लागली, घरच्यांना ओळखेना, तर तिला म्हातारचळ लागला असे म्हणून सोडून देऊ नका. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातली साखर उतरणे, शरीरातले मीठ कमी होणे, यांपैकी काहीतरी असते आणि बहुधा ते बरे होण्याजोगे असते. मधुमेहाच्या गोळ्या घेणारे माणूस शुद्धीवर असेल तर आधी साखरपाणी द्यावे. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नये. पाणी फुप्फुसात जाते.

आणि न्हाणीघरातली पडझड. उठता येत नाही, एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळलेले असते, तर खुब्याचे हाड मोडले आहे. इथे आपल्या लोकांचा हिशेब चुकतो. ‘ऐंशी वर्षांच्या माणसाचे आता काय ऑपरेशन करायचे’ म्हणून त्याला खाटेवर टाकतात किंवा हाडवैद्याकडून बांधून घेतात. खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याला काही आठवड्यांत पाठीला जखमा होतात, मग न्यूमोनिया होतो, आणि त्या दुखण्यात ऑपरेशनपेक्षा जास्त पैसा जातो. माणूस पडण्यापूर्वी चालते-फिरते असेल तर वय न पाहता ऑपरेशनचा विचार करावा, तोही शक्यतो पहिल्या दोन दिवसांत. वय हा काही आजार नव्हे.

गाडीसाठी १०८ हा नंबर आहे. ती सेवा विनामूल्य आहे. फोन करणाऱ्याने गावाचे नाव, जवळची खूण आणि आजाऱ्याला काय होते आहे एवढे शांतपणे सांगावे. घरातल्या वहिनीला किंवा शाळेत जाणाऱ्या पोराला हे आजच सांगून ठेवा, कारण दुपारी पुरुष मंडळी शेतावर असतात.

दवाखाना परत पाठवू शकतो का? १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खासगी. त्यानंतरचा एक खटला आपल्यासारख्या लोकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. बंगालमधला हाकीम शेख हा शेतमजूर ८ जुलै १९९२ रोजी आगगाडीतून पडला आणि त्याच्या डोक्याला मार लागला. कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले. शेवटी खासगी दवाखान्यात त्याचे सुमारे १७,००० रुपये खर्च झाले. त्याच्या खेतमजूर संघटनेने दाद मागितली. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे माणसाचा जगण्याचा हक्क नाकारणे होय, आणि त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली. मजुरांच्या संघटनेने मिळवलेला हा निकाल आज प्रत्येकाच्या कामाचा आहे. आपल्याकडे महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे आपले ‘एमवाय’, याच कर्तव्याने बांधलेले आहे. तिथे गर्दी आहे, तिष्ठत राहावे लागते, हे खरे. तरी पहिल्या घटकेला जीव वाचवणारे उपचार मिळण्याचा हक्क कागदावरच राहू देऊ नका, मागून घ्या.

सत्तरीचे कार्ड

आता पैशाच्या सोयीचे सांगतो. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना तुम्हाला ठाऊक आहे. आधी ती ठरावीक कुटुंबांनाच होती. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक माणसाला ती खुली झाली, मग घरी दोन बिघे असोत की वीस. त्या कार्डाला आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे दवाखान्यात दाखल होऊन घेतलेले उपचार त्यातून होतात. घरी सत्तरीच्या पुढचे दोघे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. ज्या कुटुंबाकडे आधीपासून आयुष्मान कार्ड आहे, त्यातल्या वृद्धांसाठी ही रक्कम वेगळी आहे, मुलानातवंडांच्या वाट्यातून जात नाही. कार्ड काढण्यापूर्वीचा जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो.

मात्र कार्डाने काय होत नाही तेही समजून घ्या. नुसते दाखवायला गेलात, दाखल झाला नाहीत, तर तो खर्च यात येत नाही. रोजच्या बीपी-साखरेच्या गोळ्या येत नाहीत. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी आल्यानंतरचे १५ दिवस, त्या आजाराची औषधे आणि तपासण्या येतात. सगळेच खासगी दवाखाने योजनेत नाहीत, आणि जे आहेत त्यांतही प्रत्येक आजारासाठी नसतात. म्हणून दारात पाऊल टाकताच कार्ड दाखवायचे आणि आयुष्मान मित्राची खिडकी विचारायची. आधी रोख भरा, मागाहून परत मिळतील, असे कोणी सांगितले तर मान हलवू नका. ही योजना रोख न घेता उपचार देण्याची आहे, पावत्या देऊन पैसे परत मिळवण्याची नव्हे. चौकशीसाठी १४५५५ हा नंबर आहे.

या कार्डाला वयाचा एकच पुरावा लागतो, तो म्हणजे आधारवरचे जन्मसाल. आणि इथेच आपल्या म्हाताऱ्यांची गंमत होते. ज्यांचा जन्म पुरात की दुष्काळात एवढेच आईला आठवत होते, त्यांचे आधार काढणाऱ्या पोराने अंदाजाने १ जानेवारी लिहून टाकले आहे. पंचाहत्तरीचे आजोबा कागदावर सहासष्ट वर्षांचे आहेत. ते आज दुरुस्त करता येते. दवाखान्याच्या दारात येत नाही.

न धावण्याची वेळ

आता दुसरी वेळ. हे लिहिणे अवघड आहे.

कर्करोग सगळीकडे पसरला आहे. किंवा हृदय, मूत्रपिंडे, फुप्फुसे वर्षानुवर्षे थकत आली आहेत, सहा महिन्यांत चौथ्यांदा दाखल केले, दर वेळी माणूस आधीपेक्षा अशक्त होऊन परत आला. किंवा विसराळूपणाच्या आजारात आजीने खाणे-गिळणे सोडले आहे. अशा माणसाचा श्वास एके रात्री अडकतो. घरचे घाबरतात, गाडी येते, आणि तासाभरात त्याच्या घशात नळी असते.

व्हेंटिलेटर हे चांगले यंत्र आहे. न्यूमोनियाने, सर्पदंशाने, विषारी औषध पोटात गेल्याने ज्याचा श्वास तात्पुरता बंद पडला, त्याला ते आजार उतरेपर्यंत सांभाळते. पण मूळ आजारच हटणार नसेल तर यंत्राला सांभाळण्यासारखे काही उरत नाही. नळी असताना माणूस बोलू शकत नाही. ती ओढू नये म्हणून पुष्कळदा हात बांधून ठेवतात. घरच्यांना दिवसातून थोडा वेळ आत सोडतात. अशा रीतीने जे दहा दिवस वाढतात, त्यांत आजोबांनी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवलेला नसतो.

आणि तरी घरातले ‘पुरे’ म्हणत नाहीत. का? ज्या सुनेने तीन वर्षे हगणे-मुतणे काढले, तिला परिस्थिती कळलेली असते, पण तिला कोणी विचारत नाही. पुण्याहून किंवा बंगलोरहून आलेला मुलगा, ज्याने वर्षभर बापाला पाहिलेले नसते, तो डॉक्टरांना सांगतो, ‘पैशाकडे पाहू नका, सगळे करा.’ त्याच्या मनात प्रेम असते, तसा पश्चात्तापही असतो, आणि भावकी काय म्हणेल ही धास्ती तर सगळ्यांनाच असते. हे ओझे मग इथे राहणाऱ्या भावाच्या शेतावर बसते.

धर्मसभेची शिकवण याविषयी स्पष्ट आहे, पण आपल्या लोकांपर्यंत ती नीट पोहोचलेली नाही. पुष्कळांना वाटते की शेवटपर्यंत प्रत्येक नळी लावणे हे कॅथलिक माणसाचे कर्तव्य आहे. तसे नाही. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले की जीव राखण्यासाठी नेहमीचे उपाय करणे आपल्यावर बंधनकारक आहे. स्वतःवर किंवा दुसऱ्यावर भारी ओझे टाकणारे उपाय करणे बंधनकारक नाही. ५ मे १९८० रोजी व्हॅटिकनने काढलेल्या जाहीरनाम्यात तर असेही नमूद आहे की कुटुंबावर फार मोठा खर्च पडू नये या इच्छेने आजाऱ्याने असा उपचार नाकारला, तर ती आत्महत्या नव्हे. बापाने मुलांच्या जमिनीचा विचार करणे पाप नाही, हे इतक्या उघडपणे लिहिलेले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांची प्रकृती मार्च २००५ च्या अखेरीस ढासळली तेव्हा त्यांना पुन्हा इस्पितळात हलवले नाही. २ एप्रिलला ते आपल्याच खोलीत वारले.

मरण घडवून आणण्यासाठी इंजेक्शन देणे किंवा मुद्दाम अन्नपाणी तोडणे, हे मात्र धर्मसभेला मान्य नाही, आणि इंजेक्शन देऊन मारणे देशाच्या कायद्यालाही मान्य नाही. शरीर अन्न घेत असेपर्यंत ते द्यायचेच. पण अगदी शेवटच्या दिवसांत शरीरच अन्नपाणी घेईनासे होते. तेव्हा बळेच दूध ओतल्याने ठसका लागतो, जीव गुदमरतो. ओला बोळा ओठांवरून फिरवावा, तोंड स्वच्छ ठेवावे. माणूस भुकेने मरत नाही, मरणार म्हणून त्याची भूक गेलेली असते.

कायदा इथवर कसा आला ते मराठी वाचकांना सांगायला हवे, कारण तो एका परिचारिकेच्या खाटेपासून आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला, आणि त्या ४१ वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात बेशुद्धवत पडून होत्या. त्यांना मरू द्यावे असा अर्ज न्यायालयात गेला. केईएमच्या परिचारिकांनी त्याला विरोध केला. इतकी वर्षे त्यांनीच अरुणाताईंना भरवले, पुसले, कुशीवर वळवले होते. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला, पण निरर्थक झालेला उपचार काही अटींवर थांबवता येईल, हे तत्त्व मान्य केले. अरुणाताई १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या. इतकी वर्षे त्या जगल्या त्या यंत्राने नव्हे, हाताने. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की शुद्धीवर असलेला कोणीही प्रौढ माणूस आपल्या शेवटच्या उपचारांविषयीची इच्छा आधी लिहून ठेवू शकतो. सुरुवातीला त्यासाठी मॅजिस्ट्रेटपुढे जावे लागे. २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपण बोलू शकलो नाही तर कोणाला विचारावे त्यांची नावे त्यात घालायची. पुढे वेळ आली की दवाखान्यातल्या डॉक्टरांची दोन मंडळे पाहणी करून निर्णय देतात, घरच्यांनी आपल्या हाताने नळी काढायची नसते. केंद्राच्या आरोग्य खात्याची आयसीयूत कोणाला घ्यावे याविषयीची मार्गदर्शक सूचना २०२४ च्या सुरुवातीला समोर आली. तिच्यातही आहे की आजाऱ्याची किंवा जवळच्या नातलगांची इच्छा नसेल तर त्याला आयसीयूत भरती करू नये.

हे सगळे वाचून एखाद्याला वाटेल की बरे झाले, आता फादरांनीच मुभा दिली. त्याला सांगतो, नाही. जो म्हातारा तापाच्या औषधाने बरा होणार आहे त्याला ‘वय झाले’ म्हणून कोपऱ्यात टाकणे, जमीन नावावर होताच आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही न नेणे, हे मी ज्याविषयी लिहितो आहे ते नव्हे. जो थांबायचे ठरवतो त्याच्यावर सेवेचा भार वाढतो. आयसीयूत पैसे भरून बाहेर बाकावर बसता येते. घरी दर दोन तासांनी कूस बदलावी लागते.

दुखणे शमवणे

थांबण्याचा अर्थ दुखू देणे असा नाही. कर्करोगाच्या कळांवर मॉर्फीन हे जुने, स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. ते कशापासून होते हे आपल्या माळव्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. मंदसौर-नीमचकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये परवाना असलेले शेतकरी अफूच्या बोंडांना चिरा देतात, चीक खरवडून सरकारला तोलून देतात, आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात त्याची औषधी द्रव्ये होतात. त्याच माळव्यातल्या खाटेवर माणूस रात्रभर कण्हत मरतो, ही लाजेची गोष्ट आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात इतके परवाने लागत की दवाखाने ते औषध ठेवायलाच भीत. २०१४ साली कायदा सुधारून ती वाट सोपी केली. तरी अजून पुष्कळ ठिकाणी कोणी आपणहून देत नाही. म्हणून विचारा, ‘डॉक्टरसाहेब, दुखण्यासाठी मॉर्फीन देता येईल का? इथे नसेल तर कुठे मिळेल?’ डॉक्टरांच्या मापाने घेतले तर शेवटच्या आजारात व्यसनाची भीती धरण्याचे कारण नाही. पोट मात्र घट्ट होते, त्यासाठी रेचक बरोबर मागून घ्यावे.

अशा आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थाही आहेत. मुंबईत वांद्र्याला डॉ. लुइस डिसोझा यांनी १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू केले. बरे न होणाऱ्या कर्करोगाच्या आजाऱ्यांना तिथे विनामूल्य ठेवून घेतात, सिस्टर्स सेवा करतात. गोव्यात लोटलीला आणि दिल्लीलाही त्याच संस्थेची घरे आहेत. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे असेच विनामूल्य केंद्र आहे. आपल्यापैकी अनेकांचे नातलग पुण्या-मुंबईकडे आहेत, म्हणून नावे दिली. पण दर आजाऱ्याला तिकडे नेणे शक्य नाही, आणि गरजही नाही. केरळात कालिकतला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी हे काम सुरू केले, आणि पुढे शेजारपाजारच्या साध्या लोकांनी ते उचलले. आठवड्यातले दोन-चार तास द्यायचे, आजाऱ्याला पुसायचे, जखम धुवायची, सुनेला दोन तास झोपू द्यायचे. सोयाबीन काढताना आपण एकमेकांच्या शेतात जातोच. हा सावडीचाच प्रकार आहे. आपल्या धर्मग्रामात आठ-दहा जण तयार झाले तर एखाद्या नर्स सिस्टरकडून शिकून घेता येईल.

डॉक्टरांशी बोलताना घरातल्या एकानेच बोलावे, आणि तो कोण हे आधी ठरवावे. ‘वाचतील का?’ असे विचारू नये, त्याला कोणताही डॉक्टर नीट उत्तर देत नाही. असे विचारावे: या उपचाराने ते पुन्हा उठून बसतील का, स्वतःच्या हाताने जेवतील का? किती दिवसांत फरक दिसायला हवा, आणि नाही दिसला तर काय करायचे? रोजचा खर्च साधारण किती? समजा तीन दिवस यंत्रावर ठेवून पाहायचे ठरले, तर चौथ्या दिवशी पुन्हा बसून बोलायचे हेही त्याच वेळी ठरवून घ्यावे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा, कागदपत्रांच्या नकला मागण्याचा हक्क आजाऱ्याला आहे. बिलाचा वाद आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे केंद्राने २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही आहे.

आणि हे सगळे त्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आपल्याकडे मरणाचे नाव काढणे अशुभ मानतात, पण माझा अनुभव असा की म्हातारी माणसे हे बोलायला तयार असतात, मुलेच विषय बदलतात. जेवणे झाल्यावर, अंगणात, सगळे भाऊ आलेले असताना विचारावे: ‘बाबा, उद्या तुम्हाला बोलता आले नाही तर आम्ही काय करावे? कोणाचे ऐकावे?’ त्यांनी सांगितलेले वहीत लिहून त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा. कायद्याचा पक्का कागद मग नोटरीकडे करता येईल. पण भावाभावांतले भांडण वाचवायला ती वहीही उपयोगी पडते.

तैलाभ्यंगासाठी मात्र शुद्ध हरपण्याची वाट पाहू नका. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी या संस्काराचा विधी सुधारला, तेव्हापासून तो फक्त मरणाच्या दारातल्या माणसाचा राहिलेला नाही. मोठ्या ऑपरेशनपूर्वी, वार्धक्याने खंगल्यावर, आणि आजार वाढला तर पुन्हाही तो घेता येतो. फादर आले म्हणजे आता संपले, असे समजून आजाऱ्यापासून मला लपवून ठेवणारी घरे अजून आहेत. दिवसा बोलवा, म्हणजे चहा घेऊन दोन गोष्टीही बोलता येतील.

वय वंदना कार्डासाठी ज्यांना मदत हवी, त्यांनी रविवारी सकाळच्या मिस्सानंतर कचेरीत यावे. तरुण मंडळी मोबाइलवर अर्ज भरून देतील. आधार कार्ड आणि आधारला जोडलेला फोन दोन्ही आणावेत. फोन मुलाकडे देवासला असेल तर त्याला त्या वेळी फोनजवळ बसायला सांगावे, कारण आकड्यांचा संदेश त्याच्याकडे जाणार. जन्मसाल चुकले असेल तर कोणता पुरावा चालतो ते आधी आधार केंद्रावर विचारून या. बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा लागत असेल, तर नाव, आईवडिलांची नावे आणि अंदाजे साल चिठ्ठीवर लिहून द्यावे. जुनी वही शोधायला दोन दिवस लागतात.